ग्राफिक नॉव्हेल्स, त्यांचा इतिहास आणि शिक्षणातला उपयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफिक नॉव्हेल म्हणजे शेवटी जाडजूड कॉमिकच ना?

बऱ्यापैकी हो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाहीये. चौकटी, संवादाचे फुगे, चित्र आणि शब्द मिळून गोष्ट पुढे नेणं, हे सगळं दोन्हीकडे सेमच. कॉमिक बहुतेक वेळा अंकाअंकाने येतं आणि ग्राफिक नॉव्हेल पुस्तक म्हणून सलग हातात येते, एवढाच काय तो फरक, आणि तोही फार ताणू नका कारण गाजलेल्या कितीतरी ग्राफिक नॉव्हेल्स आधी तुकड्यातुकड्यानेच छापून आल्यात. नावात नॉव्हेल आहे म्हणून गोष्ट काल्पनिकच असते असंही नाही, आत्मचरित्र, युद्धाचं वार्तांकन, इतिहास, गणित सगळं याच नावाखाली येतं.

याची सुरुवात नक्की कुठून झाली? सुपरहिरोंपासून ना?

नाही हो, त्याच्या शंभर वर्षं आधी. आणि गंमत अशी की सुरुवात केली एका मास्तरांनी. जिनिव्हात रोडोल्फ टोपफर नावाचे एक गृहस्थ मुलांची निवासी शाळा चालवायचे. वडील चित्रकार होते, यांनाही चित्रकारच व्हायचं होतं पण डोळ्यांच्या त्रासामुळे ते राहून गेलं. मग ते विद्यार्थ्यांच्या आणि मित्रांच्या करमणुकीसाठी पानावर चौकटी आखून खाली एकेक ओळ लिहून विनोदी गोष्टी रचायला लागले. पहिली गोष्ट १८२७ ची, एका प्रेमात वेड्या झालेल्या माणसाची, ती छापली गेली १८३७ मध्ये. मधल्या काळात त्यांची काही हस्तलिखितं फिरत फिरत थेट गटे या जर्मन महाकवीपर्यंत पोचली, तो म्हातारा खूश झाला, आणि त्यामुळेच मास्तरांना छापायचा धीर आला असं म्हणतात. १८४२ मध्ये त्याच पहिल्या गोष्टीची इंग्रजी आवृत्ती न्यूयॉर्कमध्ये निघाली, अर्थात मास्तरांना न विचारता.

टोपफरनी एक गोष्ट तेव्हाच ओळखली होती, की नुसती चित्रं ठेवली तर अर्थ धूसर होतो आणि नुसता मजकूर ठेवला तर काहीच उरत नाही, दोन्ही मिळूनच पुस्तक बनतं. कॉमिक्स शाळेत कशाला असं आज कोणी विचारलं की मला हे मास्तर आठवतात, कारण हा प्रकार जन्मलाच शाळेत.

शब्द नसलेल्या कादंबऱ्या पण होत्या म्हणे?

होत्या, आणि त्या आजही अंगावर येतात. बेल्जियमचा फ्रान्स मासरील लाकडात कोरून छापलेल्या चित्रांमधून अख्खी गोष्ट सांगायचा, १९१९ च्या त्याच्या एका पुस्तकात १६७ चित्रं आहेत आणि शब्द एकही नाही, एक माणूस शहरात येतो, जगतो, प्रेम करतो, भांडतो आणि मरतो. अमेरिकेत लिंड वॉर्डने हाच मार्ग धरला, त्याचं पहिलं पुस्तक १९२९ मध्ये आलं, नेमकं शेअर बाजार कोसळला त्याच आठवड्यात, तरी ते खपलं. वर्गात ही पुस्तकं फार कामाची आहेत. भाषा अजून नीट न येणारी मुलं आणि फाडफाड वाचणारी मुलं एकाच पानासमोर सारखीच बसतात, कारण वाचायला शब्दच नाहीत, आणि मग कोणाला काय दिसलं यावर जे बोलणं होतं ते ऐकण्यासारखं असतं.

मग कॉमिक्स इतकी बदनाम का झाली? आमच्या घरी तर लपवून वाचावी लागायची.

याचं बरंचसं श्रेय एका डॉक्टरांना जातं. १९४० च्या दशकात अमेरिकेत कॉमिक्सचा खप प्रचंड वाढला होता, सुपरहिरो तर होतेच (सुपरमॅन १९३८ चा) पण युद्धानंतर गुन्हेगारी आणि भयकथांची लाट आली, आणि खरं सांगायचं तर त्यातली काही मुलांच्या हातात देण्यासारखी नव्हतीच. १९४८ च्या सुमारास काही गावांत तर शाळकरी मुलांकडून कॉमिक्सच्या होळ्या करून घेतल्या गेल्या. अशात १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं पुस्तक आलं, कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार बनतात असा त्याचा सूर, त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच नियमावली लादून घेतली. नावात हॉरर, टेरर हे शब्द नकोत, व्हॅम्पायर नकोत, पोलीस आणि न्यायाधीश यांची चेष्टा नको, शेवटी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे. पाठीराखे कमी होत होत ही नियमावली अखेर २०११ मध्ये संपली.

वर्थम म्हणजे कोणी खलनायक नव्हते बरं का. हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी जवळपास फुकटात मानसोपचार क्लिनिक त्यांनी चालवलं, शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात त्यांचं काम उपयोगी पडलं. पण त्यांची कागदपत्रं संशोधकांना खुली झाल्यावर कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने ती तपासली आणि २०१२ मध्ये दाखवून दिलं की त्यांनी मुलांच्या बोलण्यातले तुकडे इकडचे तिकडे जोडले होते, गैरसोयीच्या गोष्टी गाळल्या होत्या, एकाचं म्हणणं अनेकांचं म्हणून दाखवलं होतं. म्हणजे साठेक वर्षं आईवडील आणि शिक्षक ज्या पुस्तकाच्या जोरावर कॉमिक्स हिसकावून घेत होते त्याचा पायाच डळमळीत होता. होतकरू चित्रकारांनी धंदा सोडला ते वेगळंच.

ग्राफिक नॉव्हेल हे नाव कोणी आणलं? विल आयस्नर ना?

त्याने ते लोकप्रिय केलं. छापील रूपात हा शब्द १९६४ मध्ये रिचर्ड काइल या समीक्षकाने आधीच वापरला होता. पण आयस्नरचं १९७८ चं ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ आलं आणि त्याच्या कागदी बांधणीच्या आवृत्तीवर हे नाव झळकलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका चाळवजा इमारतीतल्या चार कथा आहेत त्यात. पहिल्या कथेत मुलगी गमावलेला माणूस देवाशीच भांडतो, आणि आयस्नरची स्वतःची मुलगी ऐन सोळाव्या वर्षी ल्युकेमियाने गेली होती, हे कळल्यावर ती पानं वेगळीच वाटतात.

शिक्षणाच्या दृष्टीने मात्र मला आयस्नरची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. १९५१ पासून जवळपास वीस वर्षं तो अमेरिकन लष्करासाठी एक मासिक सजवत होता, ज्यात रणगाडे, ट्रक, रायफली यांची देखभाल कशी करायची ते कॉमिक्समधून शिकवलं जायचं. लष्कर काही मनोरंजन म्हणून पैसे घालत नाही. बंदूक साफ करायच्या पायऱ्या नुसत्या परिच्छेदात वाचून जे डोक्यात शिरत नव्हतं ते चौकटीत शिरत होतं, आणि चूक झाली तर जीव जाणार होता.

‘माउस’चं एवढं कौतुक का?

कारण त्याच्यानंतर हा प्रकार फक्त पोरासोरांचा आहे असं म्हणायची सोय राहिली नाही. आर्ट स्पीगलमनचे आईवडील आउशवित्झ या नाझी छळछावणीतून वाचलेले, वडिलांना बोलतं करून त्यांची कहाणी त्याने वर्षानुवर्षं काढली, ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं. पहिला खंड १९८६ चा, दुसरा १९९१ चा, आणि १९९२ मध्ये पुलित्झरने विशेष पुरस्कार दिला, कारण नेहमीच्या कुठल्या खणात टाकायचं तेच कळेना. न्यूयॉर्क टाइम्सने आधी ते खपाच्या यादीत कल्पित साहित्यात टाकलं होतं, स्पीगलमनने पत्र लिहून हरकत घेतली आणि त्यांनी ते बदललं.

वाचताना लक्षात येतं की पुस्तक फक्त छळछावणीबद्दल नाहीये. चिडका, कंजूष, थकलेला म्हातारा बाप आणि त्याच्याकडून गोष्ट काढून घेणारा मुलगा यांचं ते कायमचं ताणलेलं नातं पण तितकंच आहे, आणि इतिहास कोण सांगतंय, किती आठवतंय, काय लपवलंय हे प्रश्न विद्यार्थ्यांना आपोआप पडतात. इतिहासाच्या शिक्षकाला अजून काय पाहिजे?

अमेरिकेबाहेर काही घडलं की नाही?

भरपूर. बेल्जियममध्ये टिनटिन १९२९ पासून. जपानमध्ये ओसामू तेझुकाने युद्धानंतर मांगाला, म्हणजे तिकडच्या कॉमिक्सना, सिनेमासारखा वेग दिला आणि १९५७ मध्ये योशिहिरो तात्सुमीने मोठ्यांसाठीच्या गंभीर चित्रकथांना वेगळं नावच दिलं, गेकिगा. केइजी नाकाझावा सहा वर्षांचा असताना हिरोशिमात होता, १९७३ पासून त्याने अणुबॉम्बची गोष्ट ‘बेअरफूट गेन’ म्हणून काढली, तीसुद्धा मुलांच्या साप्ताहिकात. मार्जान सत्रापीने २००० ते २००३ मध्ये फ्रान्समध्ये बसून इराणमधलं बालपण काळ्यापांढऱ्या चित्रांत मांडलं. जो साको तर पत्रकारच, त्याने १९९३ पासून पॅलेस्टाइनमधलं वार्तांकन कॉमिक्समध्ये केलं.

भारतात अनंत पैंची अमर चित्र कथा १९६७ ची, ती बहुतेकांना माहीत असते. पण १९९४ मध्ये ओरिजित सेनने नर्मदा आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर जी ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ काढली तिला अनेकजण भारतातली पहिली ग्राफिक नॉव्हेल मानतात. आणि २०११ चं ‘भीमायन’ मिळालं तर सोडू नका, बाबासाहेबांच्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे प्रसंग दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलेत. चौकोनी चौकटी जवळजवळ नाहीतच, गोंड नक्षीच पान विभागते. बोलणं गोड असेल तर फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विषारी असेल तर फुग्याला विंचवाची नांगी. हे एक पान वर्गात दाखवलं तरी फॉर्म म्हणजे काय यावर तासभर चर्चा होते.

चित्रं असल्यावर मुलं शब्द वाचतील कशाला? हे खरं वाचन आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी शब्दांचं. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८ मध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या मजकुरात आणि बोलण्यात कमी वापरातले शब्द किती येतात ते मोजलं होतं. मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ३१, मोठ्यांच्या पुस्तकांत सुमारे ५३, आणि कॉमिक्समध्ये? साधारण ५३.५. शिकलेल्या मोठ्या माणसांच्या गप्पांमध्ये तर जेमतेम १७. हा अभ्यास इंग्रजीचा आहे आणि जुना आहे हे लक्षात ठेवा, सगळ्या कॉमिक्सना तो लागू नाही, पण कॉमिक्सची भाषा सोपीच असते हा समज त्याने मोडतो. कारणही उघड आहे, वर्णनाचा भार चित्राने उचलला की संवादात अवघड शब्द टाकायला लेखक मोकळा होतो आणि मुलाला अर्थाचा अंदाज चित्रावरून येतो.

आता चित्रांचं. दोन चौकटींच्या मधे जी पांढरी पट्टी असते तिला गटर म्हणतात. पहिल्या चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, दुसरीत रात्रीच्या शहरावर किंकाळी. खून कोणी केला? तुम्हीच केलात, मनातल्या मनात, त्या पट्टीत. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ मध्ये कॉमिक्सबद्दलच एक कॉमिक काढलं त्यात हे फार सुंदर समजावलंय. म्हणजे वाचणारा सतत अंदाज बांधतोय, मधे किती वेळ गेला, आवाज कोणाचा, हे स्वप्न आहे की खरं, आणि हे न सांगितलेलं ओळखणं म्हणजेच तर आपण भाषेच्या तासाला मुलांना शिकवायची धडपड करतो ना? पटपट पानं उलटणारं मूल यातलं अर्धं सोडून देतं हे मात्र खरं, पण मग तसं मूल कादंबरीही उड्या मारतच वाचतं.

संशोधन ठामपणे काय सांगतं?

ठामपणे फार कमी, आणि जो कोणी ग्राफिक नॉव्हेल दिली की मार्क वाढतात असं छातीठोक सांगतो त्याच्यापासून लांब राहा. शिक्षणतज्ज्ञ या विषयावर निदान १९४४ पासून लिहितायत, त्या वर्षी शैक्षणिक समाजशास्त्राच्या एका नियतकालिकाने कॉमिक्सवर अख्खा अंक काढला होता आणि त्यात सोन्स या प्राध्यापकांनी शिकवण्यासाठी कॉमिक्स वापरायच्या पद्धतीवर लेख लिहिला होता. अॅलन पायव्हिओ यांचा १९७० च्या दशकातला सिद्धांत म्हणतो की माहिती शब्द आणि चित्र अशा दोन्ही वाटांनी आली तर आठवायला दोन धागे मिळतात. रिचर्ड मेयर यांचं काम त्याच्या पुढे जाऊन सांगतं की चित्र आणि शब्द जवळ आणि एकाच मुद्द्याचे असतील तर फायदा, पण नुसतं सजावटीचं चित्र घुसवलं तर उलट लक्ष फाटतं. म्हणून धड्याला चार कार्टून चिकटवून त्याला ग्राफिक म्हणणारी पुस्तकं मला तरी कुचकामी वाटतात.

हे वाचनाचा कंटाळा करणाऱ्या मुलांसाठी ठीक आहे, हुशार मुलांना काय उपयोग?

या विचारानेच सगळा घोळ होतो. ग्राफिक नॉव्हेल म्हणजे खऱ्या पुस्तकापर्यंत जायची शिडी, एकदा वर पोचलं की ढकलून द्यायची, असं धरलं की कच्च्या मुलांच्या हातात ती शिक्षा म्हणून पडते आणि बाकीचे त्यांना चिडवतात. सगळ्यांना द्या ना. कंटाळणाऱ्या मुलाला मदत होतेच, पान संपवल्याचा आनंद लवकर मिळतो, पण पट्टीचा वाचक असलेल्या मुलाला उलट इथे हळू वाचायला शिकावं लागतं, कारण त्याला फक्त फुगे वाचून पुढे पळायची सवय असते. निक सूसानिसने तर कोलंबिया विद्यापीठात पीएचडीचा प्रबंधच कॉमिक्समध्ये केला, आणि २०१५ मध्ये तो हार्वर्डच्या प्रकाशनाने पुस्तक म्हणून काढला. हे काय कच्च्या वाचकांसाठी होतं?

भाषा सोडून बाकी विषयांत चालतं का?

इतिहासाचं वर आलंच. अमेरिकेत १९५७ मध्ये माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर घातलेल्या बहिष्कारावर एक छोटं कॉमिक निघालं होतं, अहिंसक आंदोलन कसं करायचं हे शिकवणारं. ते वाचलेल्या जॉन लुईस यांनी पुढे खासदार झाल्यावर स्वतःची चळवळीची कहाणी ‘मार्च’ या तीन खंडांत सांगितली आणि २०१६ मध्ये तिसऱ्या खंडाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. विज्ञानात लॅरी गॉनिकची पुस्तकं आहेत, तर्कशास्त्रावर आणि तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलवर २००९ चं ‘लॉजिकॉमिक्स’ आहे. डॉक्टरकीतसुद्धा हे शिरलंय, पेन्सिल्व्हेनियातल्या एका वैद्यकीय कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना २००९ पासून कॉमिक्सचा कोर्स आहे, ते रुग्णांनी काढलेली पुस्तकं वाचतात आणि स्वतःचे अनुभवही काढतात.

गणिताचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. जीन लुएन यांग हा शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. बदली शिक्षक म्हणून बीजगणिताचा वर्ग मिळाला पण कामामुळे तासाला गैरहजर राहावं लागायचं, म्हणून त्याने धड्यांचे व्हिडिओ करून पाहिले, ते मुलांना अजिबात आवडले नाहीत. मग धडे कॉमिक्समध्ये काढून दिले आणि मुलं म्हणाली तुम्ही प्रत्यक्ष शिकवण्यापेक्षा हेच बरं. का? तर व्हिडिओतलं वाक्य निघून जातं, कॉमिक्समधली आधीची पायरी पानावर तशीच दिसत राहते आणि वेग आपल्या हातात असतो. याच यांगची २००६ ची ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोचलेली पहिली ग्राफिक नॉव्हेल.

वर्गात सुरुवात कशी करू? मी स्वतः कधी वाचलेली नाही.

मग आधी स्वतः एक वाचा, दोनदा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा फक्त चित्रांसाठी. वर्गात पूर्ण पुस्तक घेऊन बसू नका, एकच पान घ्या. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. मग विचारा, ही चौकट इतकी मोठी का, इथे मागचं चित्रच का गायब झालं, या दोन चौकटींच्या मधे काय घडलं असेल, फुगा तुटक रेषेचा का आहे. फुगे पांढऱ्या कागदाने झाकून मुलांना संवाद लिहायला सांगा आणि नंतर मूळ दाखवा, हे कुठल्याही वयाला जमतं. एक सवय टाळा, गोष्टीचा सारांश विचारू नका, कारण सारांश आला की चित्रं गेली आणि मग हे पुस्तक निवडलंच कशाला.

अभिजात कादंबऱ्यांची ग्राफिक रूपं मूळऐवजी चालतील का?

मूळऐवजी नाही, मूळाबरोबर छान. अशा रूपांतरांची परंपरा १९४१ पासूनची आहे आणि त्यातली बरीचशी घाईत उरकलेली वाटतात, सगळं कथानक कोंबलंय पण लेखकाचा आवाज गेला. एकच प्रसंग दोन्हीकडे वाचून काय गाळलं, काय वाढवलं हे शोधायला लावलं तर रूपांतर वाईट असलं तरी धडा चांगला होतो.

वय किती हवं? बंदी वगैरे येते ना या पुस्तकांवर?

येते, आणि गद्य पुस्तकांपेक्षा पटकन येते, कारण तीनशे पानं वाचून आक्षेप घ्यावा लागत नाही, एक पान उघडून दाखवलं की झालं. २०१३ मध्ये शिकागोत सत्रापीचं पुस्तक सातवीच्या वर्गांतून काढायला सांगितलं गेलं. त्याच वर्षी जपानमधल्या मात्सुए शहरात ‘बेअरफूट गेन’ शाळांच्या लायब्ररीत मुलांना सहज मिळू नये ही आधीची सूचना गाजली आणि ओरड झाल्यावर मागे घेतली गेली. २०२२ मध्ये टेनेसीतल्या एका शाळा मंडळाने ‘माउस’ आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने काढलं, काही शिव्या आणि एक नग्न चित्र हे कारण देऊन.

पालकांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. चित्र आधी अंगावर येतं आणि मग विचार करायला वेळ मिळतो, शब्दांचं तसं नसतं. म्हणून मुखपृष्ठ बघून किंवा कॉमिक आहे म्हणजे लहानांचंच असेल असं धरून पुस्तक कधीच देऊ नका, स्वतः पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळा. लहानांसाठी वेगळी भरपूर पुस्तकं आहेत, जेरी क्राफ्टच्या ‘न्यू किड’ला तर २०२० मध्ये अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं, ते मिळवणारी ती पहिली ग्राफिक नॉव्हेल.

मुलांना स्वतः काढायला सांगितलं तर चित्रकला न येणाऱ्यांचं काय?

काड्यांची माणसं चालतात. खरा अभ्यास चित्र काढण्यात नसून निवडण्यात आहे, हा प्रसंग सहा चौकटींत सांगायचा तर कुठले सहा क्षण ठेवायचे आणि कुठले गटरमध्ये जाऊ द्यायचे. फ्रेंच राज्यक्रांती किंवा पचनसंस्था सहा चौकटींत बसवून बघा, ज्याला विषय कळलेला नाही तो पहिल्याच चौकटीत अडकतो. मार्क देताना रेघांचे देऊ नका, एवढं पाळलं तरी पुरे.

मोबाईलवर वाचलं तर चालेल का?

एकेक चौकट पडद्यावर आणून दाखवणारी ॲप्स आहेत, प्रवासात ठीक, पण त्यात अख्खं पान एका नजरेत दिसत नाही आणि चित्रकाराने पान उलटल्यावर बसावा म्हणून ठेवलेला धक्का वाया जातो. खास मोबाईलसाठी वरून खाली सरकत वाचायच्या गोष्टी वेगळ्या, त्या तशाच रचलेल्या असतात. अजून एक अडचण अशी की फुग्यातला मजकूर बहुतेक वेळा चित्राचाच भाग असल्यामुळे दृष्टिहीन मुलांची स्क्रीन वाचणारी सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाहीत, वर्गात असं कोणी असेल तर एखाद्या सोबत्याला चौकटी मोठ्याने वर्णन करून सांगायचं काम द्या, सांगणाऱ्यालाही पान किती नीट बघावं लागतं ते तेव्हाच कळतं.